एकटेपणाचे तीस सहभागी

प्रशिक गजभियेचा प्रबंध तयार होऊन चार महिने झाले होते. मरून रंगाचं रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरं, पाच प्रती विद्यापीठाला आणि सहावी स्वतःला. नागपूरच्या धरमपेठेतल्या बाइंडरने सहाही प्रती कापडी पिशवीत घालून दिल्या, "डॉक्टर झाल्यावर विसरू नका" असं बजावलं, आणि प्रशिक ती पिशवी घेऊन थेट विद्यापीठात गेला. तासाभराने तीच पिशवी घेऊन होस्टेलवर परत आला. तेव्हापासून पिशवी खाटेखाली होती आणि प्रशिक खाटेवर.

घोडं अडलं होतं एका प्रमाणपत्रापाशी. विद्यापीठात एक 'संशोधक विद्यार्थी व्यावसायिक विकास व आधार कक्ष' होता. नाव इतकं लांब की पाटीवर 'आधार' मावला नव्हता, तो शेजारच्या भिंतीवर वेगळा चिकटवला होता. या कक्षाच्या सात कार्यशाळा केल्याशिवाय कुणाचाही प्रबंध स्वीकारायचा नाही, असा नियम. सहा प्रशिकने केल्या होत्या. 'वेळेचे व्यवस्थापन' तीन तास उशिरा सुरू झाली होती. 'थोडक्यात बोलण्याची कला' दोन दिवस चालली होती. 'मुलाखतीचे तंत्र' शिकवायला आलेल्या गृहस्थांनी जाताना सगळ्यांना आपला बायोडेटा वाटला, कुठे काही असेल तर कळवा म्हणून.

सातवी उरली होती : 'संशोधनातील एकटेपणा - ओळख व उपाय'. बाकीच्या पोरांनी ती टाळेबंदीत घरी बसून, मोबाइलवर बोट ठेवून उरकली होती. त्या दिवशी प्रशिक मौद्याला धानाच्या बांधावर गवतं मोजत होता आणि बांधावर रेंज नव्हती. त्याचा विषयच तो : 'मौदा तालुक्यातील धानाच्या बांधांवरील गवते'.

"सरिताताई, एकटेपणाचं काही झालं का?" तो दर सोमवारी कक्षाच्या खिडकीशी जाऊन विचारायचा.

"तीस झाले की घेऊ नं."

"किती झाले?"

सरिताताई रजिस्टर उघडायच्या. त्या पानावर एकच नाव आहे हे त्यांना पाठ होतं, तरी बोट ठेवून मोजायच्या. कामात त्या चोख होत्या. "तुम्ही एकटेच आहात."

कक्षाचे समन्वयक डॉ. गिरिधर घाटे मनाने वाईट नव्हते, हे सांगायला हवं. त्यांना फक्त उद्घाटनं आवडायची. "अहो, एकट्यासाठी एकटेपणाची कार्यशाळा कशी घेऊ? दीपप्रज्वलनाला टाळ्या कोण वाजवेल?" असं ते कळवळून विचारायचे. आणि इकडे येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता प्रशिकची नोंदणी संपत होती. त्यानंतर प्रबंध रद्दीच्या भावाचा, आणि सहा वर्षं पाण्यात. त्याचे मार्गदर्शक निवृत्त होऊन बंगळुरूला मुलाकडे गेले होते. तिथून ते प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी 'पाहिले' असं लिहून सही करून पाठवायचे, आणि एवढंच लिहायचे.

सोमवारी घाटेसरांनाच त्याची दया आली. त्यांनी परिपत्रक डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं आणि म्हणाले, "यात 'किमान तीस सहभागी' म्हटलंय. ते संशोधक असावेत असं कुठेच म्हटलं नाही. आणा माणसं, घेऊन टाकू शुक्रवारी अकराला. पुण्याचे तज्ज्ञ बोलावतो."

प्रशिकने आईला, कौसल्याबाईंना, मौद्याला फोन लावला.

"कायचा कार्यक्रम म्हणतं?" आईने विचारलं.

"माणसाले एकटं वाटते न माय, त्याच्यावरचा."

"तुले एकटं वाटते काय रे बाबू?"

"नाही नाही. प्रमाणपत्रासाठी होय. तीस माणसं लागते."

"मंग तीस माणसं काहून पाहिजे? एकटं वाटते त्याले एक माणूस पुरते."

"नियम होय तसा."

"बरं. नाश्ता भेटते काय?"

"भेटते."

"मंग तीस काय, साठ आणतो मी."

एकोणतीस आणले. मौद्याचा मोहित नागपूरबाहेरच्या मिहान उद्योगनगरीतल्या एका कंपनीची स्टाफबस चालवायचा. सकाळची पाळी सोडली की संध्याकाळी साडेपाचपर्यंत बस मोकळी. त्याने कंपनीला न विचारता ती सरळ गावात नेली आणि अख्खी आळी भरून आणली. धानात निंदणाला, तण काढायला जाणाऱ्या बाया होत्या, दोन म्हातारे होते, आणि सगळ्यांच्या पुढे होते प्रशिकचे मामा लहानूजी. एकतीस वर्षं कालव्याच्या गेटवर एकट्याने चौकीदारी करून निवृत्त झालेले. सगळ्यांनी लग्नाला जातानाचे कपडे घातले होते. पोराच्या शिक्षणाचं काम आहे म्हटल्यावर विटके कपडे कोण घालील?

दारातच सरिताताईंनी फॉर्म वाटले. नाव, पत्ता, संशोधनाचा विषय, मार्गदर्शकाचे नाव. प्रशिक म्हणाला, शेवटचे दोन रकाने सोडा. पण रकाना कोरा राहिला की कागद परत येतो, हे मौद्याच्या माणसांना आजवर प्रत्येक कचेरीने शिकवलं होतं. एकानेही कोरा सोडला नाही. लहानूजींनी लिहिलं, 'रेशन कार्डातून माझं नाव कोणं काढलं'. एका काकूने लिहिलं, 'नळाले सात महिन्यांपासून पाणी काहून नाही'. मोहितने लिहिलं, 'दुसरी नोकरी'. सरिताताई एकेक फॉर्म वाचून म्हणाल्या की अकरा वर्षांत इतके चांगले विषय आले नव्हते.

कौसल्याबाईंना लिहिणं जड जायचं. त्यांचा फॉर्म प्रशिकने घेतला.

"माय, विषय काय टाकू?"

त्यांनी थोडा विचार केला. "लिही, पोरगा बोलत काहून नाही."

प्रशिकचं पेन थांबलं. मागे रांग खोळंबली होती, म्हणून त्याने लिहिलं.

"मार्गदर्शकाचं नाव?"

"कोणी नाही."

तेही लिहिलं. मग स्वतःच्या फॉर्मवर त्याच रकान्यापाशी आला आणि बंगळुरूच्या सरांचं नाव लिहायला लागला. बराच वेळ लागला त्याला ते एक नाव लिहायला.

कार्यक्रम साडेबाराला सुरू झाला. मे महिना, सभागृहात दोन कूलर. कूलर चालू असला की समई विझायची आणि कूलर बंद केला की माणसं विझायची. चारदा काडी ओढून झाल्यावर लहानूजी उठले, रुमाल आडवा धरून उभे राहिले, तेव्हा कुठे उद्घाटन झालं. मग घाटेसर बोलले. एकटेपणा ही किती गंभीर समस्या आहे आणि कक्ष कसा प्रत्येकाच्या पाठीशी उभा आहे, हे त्यांनी सव्वा तास सांगितलं. मौद्याच्या लोकांनी प्रत्येक वाक्याला टाळ्या वाजवल्या. घाटेसरांना भरून आलं. त्यांच्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला शुक्रवार असावा.

"आता तज्ज्ञांना विनंती करतो," असं म्हणून ते वळले, तर तज्ज्ञांची खुर्ची रिकामी. फोन लावला. तज्ज्ञ अमरावतीला याच विषयाच्या कार्यशाळेचे अध्यक्ष होऊन बसले होते आणि आपण नागपूरलाच आहोत अशी त्यांची खात्री होती. टाळ्याही मिळाल्या म्हणे.

घाटेसरांनी डोक्याला हात लावला. नाश्त्याची पाकिटं वाटली. समोसा झाला, संत्रा बर्फी झाली, पाकिटं घडी करून पिशव्यांत गेली. दोन वाजले, अडीच वाजले. तीस माणसं एकटेपणाची वाट पाहत बसली होती.

शेवटी लहानूजी उठले. "काय गा प्रशिक, तूच बोल न मंग. सहा वर्षं त्या बांधावर तू काय करून राहिला, आम्हाले कोणंच नाही सांगतलं."

"मामाजी, ते तुमच्या कामाचं नाही."

"बांध आमचे, गवत आमचं, अन् कामाचं काहून नाही?"

खरं होतं ते. मौद्यात त्याच्याबद्दल काय काय बोललं जायचं, हे त्याला ठाऊक होतं. लोखंडी चौकट घेऊन बांधावर उकिडवा बसणारा, चौकटीतल्या काड्या मोजणारा, कुणी हाक मारली तर 'थांबा, आकडा चुकतो' म्हणणारा पोरगा. कुणी म्हणे सरकारी मोजणी आहे. कुणी म्हणे पोराचं डोकं फिरलं. पण त्याला स्वतःला येऊन कुणी विचारलं नव्हतं. विद्यापीठात तर नव्हतंच नव्हतं.

प्रशिक माइकपाशी गेला. पहिली पाच मिनिटं तो नुसता माइक वरखाली करत राहिला. मग त्याने पिशवीतून स्वतःची सहावी प्रत काढली, पहिल्या रांगेत दिली, आणि लव्हाळ्याबद्दल सांगायला लागला. मग हरळी. मग कुंदा. कुंदा खणून काढला तरी परत कसा येतो हे सांगताना मागून एक बाई ओरडली, "तो तं माह्या सासूसारखा हाय!" सगळे हसले, तोही हसला, आणि मग त्याला थांबवता येईना. सहा वर्षांचं साचलेलं होतं. घाटेसरांनीसुद्धा मोबाइल खाली ठेवला. मधेच एकदा उचलून त्यांनी फोटो मात्र काढला.

प्रत हातोहात फिरत कौसल्याबाईंकडे गेली. त्यांनी फोटो असलेली पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं.

"बाबू, इथं खाली काय लिवलं?"

प्रशिकने वाकून पाहिलं. पान एकशे सत्तेचाळीस. "धानाचं रोप, पंधरा दिवसांचं."

"हे धान नोहे. सावा होय, तणातला."

"माय, धानच होय ते."

"जन्म गेला माह्या निंदणात. सावा धानासारखाच दिसते, म्हणून तं नवी पोरगी हमेशा फसते. पाह्य वं," त्यांनी शेजारणीला पुस्तक दाखवलं. आठ-दहा बाया पुस्तकावर ओणवल्या. सावा, सावाच, दुसरं काय, असा एकमुखी निकाल झाला.

प्रशिकने पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. धानाच्या पानाला, जिथे ते काडीला चिकटतं तिथे, पांढरी पातळ जिभळी असते. सावाला नसते. हे त्याने स्वतः पोरांना शिकवलं होतं, परीक्षेत विचारलं होतं. फोटोतल्या रोपाला जिभळी नव्हती. प्रकरण तिथेच संपत होतं आणि खाली मार्गदर्शकांची सही होती, 'पाहिले'.

सहा वर्षांत अशी चूक, तीही सहाही प्रतींत, सोनेरी अक्षरांच्या आत. आणि त्याच वेळी त्याला असा काही आनंद झाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. कुणीतरी एकशे सत्तेचाळिसाव्या पानापर्यंत पोचलं होतं.

पावणेचारला प्रमाणपत्रं वाटली. सरिताताई नावं पुकारत होत्या आणि मौद्याची माणसं एकेक करून, दोन्ही हातांनी कागद घेत होती. सगळ्यांचं झालं, प्रशिकचं नाव आलं नाही.

"तुम्हाला शाल-श्रीफळ आहे," घाटेसर आनंदाने म्हणाले. "तुम्ही बोललात. तुम्ही तज्ज्ञ झालात. फोटो पोर्टलवर गेलासुद्धा."

"सर, मला तज्ज्ञ नाही व्हायचं. मला सहभागी व्हायचं आहे. आज पाचपर्यंत."

"तज्ज्ञाला सहभागाचं प्रमाणपत्र कसं देता येईल?"

सरिताताईंनी चष्मा लावला. "सर, एक आहे. हे तज्ज्ञ झाले तर सहभागी उरले एकोणतीस. मग कार्यशाळाच झाली नाही."

"नाही झाली तर मी तज्ज्ञ कसा?" प्रशिक म्हणाला.

"नाहीच. तुम्ही सहभागी."

"मग द्या प्रमाणपत्र."

"पण तुम्ही सहभागी म्हणजे तीस झाले. म्हणजे कार्यशाळा झाली. आणि झाली म्हणजे तज्ज्ञ तुम्हीच."

हे असं तीनदा झालं. चौथ्यांदा सुरू होणार तोच घाटेसर हताश होऊन म्हणाले, "थोडक्यात, कार्यशाळा झाली नाही. प्रमाणपत्रं परत घ्यावी लागतील."

सभागृहात कुणी जागचं हललं नाही. बायांनी प्रमाणपत्रं पदराखाली घेतली. एका म्हाताऱ्याने ते घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात सारलं आणि वर हात ठेवला. एकदा मिळालेला कागद परत द्यायचा नसतो, हेही कचेऱ्यांनीच त्यांना शिकवलं होतं.

"तज्ज्ञ दुसरा कोणी चालते काय साहेब?" लहानूजींनी विचारलं.

"चालेल, पण त्या विषयाचा अनुभव लागतो."

"एकतीस वर्षं मी गेटवर एकटा होतो. दिवसातून दोन वेळा पाणी मोजाचं अन् वहीत लिवाचं. बोलाले एक कुत्रं होतं, तेही दुसऱ्या गेटवर निघून गेलं."

असा अनुभव घाटेसरांनी कुठल्याही बायोडेटात पाहिला नव्हता. लहानूजींना माइकसमोर उभं केलं, फोटो घेतला, शाल घातली, नारळ दिला. लहानूजी एकच वाक्य बोलले, "एकटं वाटलं तं हाक मारा, लाजू नका," आणि खाली बसले. त्या दिवशी तेवढाच उपाय सांगितला गेला.

"पण मामाजी तज्ज्ञ झाले म्हणजे सहभागी परत एकोणतीस," प्रशिक कळवळून म्हणाला. चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

सरिताताईंनी एक कोरा फॉर्म घेतला आणि त्यावर स्वतःचं नाव लिहिलं. "अकरा वर्षं या खिडकीत बसते आहे. मलाही लागूच शकते की ही कार्यशाळा." मार्गदर्शकाच्या रकान्यात काय लिहावं असं त्यांनी कौसल्याबाईंना विचारलं, आणि त्यांनी सांगितलं तेच लिहिलं. तीस झाले.

प्रशिकला प्रमाणपत्र मिळालं. प्रबंध स्वीकारायची खिडकी कक्षाच्याच खोलीत, पहिल्या खिडकीपासून चार फुटांवर होती. सरिताताईंनी खुर्ची इकडची तिकडे सरकवली, बसल्या आणि म्हणाल्या, "सातवं प्रमाणपत्र आणलं का?"

"आत्ताच तुम्ही दिलं."

"ती दुसरी खिडकी."

त्याने सगळी सात मांडली. पाच प्रती ठेवल्या. सरिताताईंनी शिक्का उचलला, तोच प्रशिक म्हणाला, "थांबा. पान एकशे सत्तेचाळीसवर चूक आहे."

घाटेसर धावत आले. "अहो, कोण वाचतं! मारा शिक्का. पाचला पंचवीस मिनिटं आहेत."

प्रशिकने मागे पाहिलं. खिडकीशी आई उभी होती, पदराखाली प्रमाणपत्र धरून.

"सर, यांनी वाचलं."

छापील पानावर हाताने खाडाखोड चालत नव्हती. पण शुद्धिपत्र जोडता येतं, असा नियम सरिताताईंनी शोधून काढला. त्यात दुरुस्ती कुणाच्या आधारे केली ते लिहावं लागतं. आणि त्या व्यक्तीची अर्हता, क्रमांकासकट.

"अर्हता?" प्रशिक गडबडला. "ही निंदणाला जाते."

"क्रमांक पाहिजे काही तरी."

कौसल्याबाईंनी पदराखालचा कागद पुढे केला. "याच्यावर हाय पाह्य न एक नंबर."

प्रशिकने पाच कागद घेतले आणि पाच वेळा लिहिलं. सरिताताईंनी शिक्का मारला तेव्हा घड्याळात पाचला तीन मिनिटं कमी होती.

"काय लिवलं रे?" आईने विचारलं.

त्याने वाचून दाखवलं : "पृष्ठ १४७ वर 'धानाचे रोप' ऐवजी 'सावा' असे वाचावे. आधार : श्रीमती कौसल्या गजभिये, मौदा. प्रमाणित सहभागी, क्रमांक १४."

कागदावर आपलं नाव कुठे आहे ते कौसल्याबाईंनी विचारून घेतलं आणि त्यावरून एकदा बोट फिरवलं.

बाहेर मोहित हॉर्नवर हात ठेवून बसला होता. साडेपाचला मिहानचा स्टाफ उचलायचा होता. मौद्याची माणसं तशीच बसमध्ये चढली, मागोमाग प्रशिकही, सहावी प्रत काखेत घेऊन. मिहानहून स्टाफ चढला आणि सीटवर नऊवारी, शाल आणि नारळ पाहून मुकाट्याने उभा राहिला. प्रशिक आईशेजारी बसला होता. बस निघाल्यापासून तो बोलत होता. सावा कसा फसवतो ते, होस्टेलच्या खाटेबद्दल, मार्गदर्शकांच्या सहीबद्दल, चार महिने कुणाशी काही न बोलता गेले त्याबद्दल. स्टाफ उतरून गेला, शहर मागे पडलं, तरी तो बोलतच होता.

मौदा जवळ आलं तेव्हा कौसल्याबाईंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"झालं माहं संशोधन," त्या म्हणाल्या. "आता घडीभर चूप बस न गा बाबू."